मदत हवी आहे: 2 ऑक्टोबरलाच दसरा आला तर सुट्टी एक धरायची की दोन? (डबल पगाराचंही विचारायचं आहे)

बिलिंगवाली_नागपूर

नमस्कार मंडळी. वर्धा रोडवरच्या एका मोठ्या इलेक्ट्रॉनिक्स शोरूमला बिलिंगला आहे, नाव सांगत नाही, नोकरी टिकवायची आहे अजून. गोडाउन आणि डिलिव्हरीवाले पकडून तीसच्या वर माणसं आहोत, सगळे शोरूमच्याच पगारावर. वीकली ऑफ रोटेशनने, कारण शटर वर्षभर बंदच होत नाही.

तर यावर्षी 2 ऑक्टोबरलाच दसरा आला, गुरुवार होता. दसऱ्याला टीव्ही-फ्रीजची काय झुंबड असते ते ज्यानं काउंटर सांभाळलं त्यालाच माहीत, त्यात धम्मचक्र प्रवर्तन दिनाची गर्दी, दीक्षाभूमीकडचे रस्ते बंद, लांबून फिरून कशीबशी पोचले आणि सकाळी दहा ते रात्री दहा उभी. महिना संपल्यावर स्लिप पाहते तर रोजचाच पगार, एक रुपया जास्त नाही. एचआरला विचारलं तर म्हणे ताई त्या दिवशी सगळ्यांना जेवण दिलं ना, वर सोनपापडीचा डबा दिला. बरं हे पण सोडा, नोटीस बोर्डावर वर्षाचा हिशोब लावला त्यात गांधी जयंती एक आणि दसरा एक अशा दोन सुट्ट्या "दिल्या" म्हणून लिहिलंय. दिल्या कुठे? आम्ही तर बिलं फाडत होतो ना त्या दिवशी!

आता डिसेंबर आहे आणि 2026 ची लिस्ट सह्यांसाठी फिरवून राहिले. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर, मग होळी, दसरा, लक्ष्मीपूजन, पाडवा. स्टाफमधल्या बऱ्याच जणांना 14 एप्रिल पाहिजे, काहींना पोळ्याचा दुसरा दिवस पाहिजे (तान्हा पोळा आणि मारबत, नागपुरात त्या दिवशी ड्यूटी लावणाऱ्याला काय म्हणावं), पण एचआर म्हणते लिस्ट वरून आली आहे, बदलत नाही. सही करू की नको? आणि कामाचे पैसे मिळायला पाहिजे होते की नाही, तेवढं कुणी नीट सांगा. सरकारी कॅलेंडरमधल्या लाल तारखा आपल्याला लागू होत नाहीत हे खरं का?

पगारपत्रक

ताई, मी बारा-पंधरा दुकानांचे पगार काढून देतो म्हणून हे रोजचंच आहे. लाल तारखांचं तुम्ही ऐकलं ते खरंच आहे, त्या सुट्ट्या 1881 च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्टखाली जाहीर होतात, बँका आणि सरकारी ऑफिसं त्यावर चालतात, खाजगी दुकानाला त्या आपोआप लागत नाहीत. पण म्हणून तुम्हाला काहीच नाही असं नाही. तुम्हाला लागतो तो महाराष्ट्राचा 2017 चा शॉप अ‍ॅक्ट. त्यातलं कलम 18 वाचा, त्यात वर्षाला आठ पगारी सुट्ट्या आहेत, चार पक्क्या म्हणजे 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर, आणि "इतर चार" मालक आणि कामगार यांनी मिळून वर्ष सुरू व्हायच्या आधी ठरवायच्या, स्थानिक परंपरा बघून. मिळून, हा शब्द लक्षात ठेवा. वरून आलेली लिस्ट म्हणजे मिळून ठरलेली लिस्ट नव्हे.

आता दसऱ्याचं. पक्क्या चार सोडून इतर चार, म्हणजे आठ वेगळे दिवस झाले. दसरा 2 ऑक्टोबरवरच पडतोय हे पंचांगात आधीच छापलेलं होतं, तेव्हा त्याच्याऐवजी दुसरा दिवस घ्यायला हवा होता. माझ्या एका क्लायंटकडे आम्ही हेच केलं, दसऱ्याच्या जागी गणेश चतुर्थी टाकली, कुणाची कुरकुर नाही. एका दिवसाला दोन नावं दिली म्हणून दोन सुट्ट्या होत नाहीत.

आणि त्या दिवशी कामावर बोलावलं तर डबल पगार आणि वर बदली सुट्टी, दोन्ही. "किंवा" नाही, "आणि". इथेच सगळे मालक गडबड करतात, कुणी नुसता कॉम्प ऑफ (बदली सुट्टी) देतो, कुणी नुसता जेवणाचा डबा. जेवण चांगली गोष्ट आहे पण ते पगारात मोडत नाही.

इतवारीचा_राजा

भाऊ माझं किराणा दुकान आहे, चार पोरं आहेत, दसऱ्याला डबल द्यायचं म्हटलं तर मी काय खाऊ? कायदा करणाऱ्यानं कधी गल्ला मोजला आहे का? पोरांना मी दिवाळीला कपडे घेतो, पोरगी आजारी पडली तर उचल देतो, हे कोणत्या कलमात बसते सांगा.

पगारपत्रक

दादा तुम्ही घाबरून नका जाऊ. हा कायदा आधी दहा आणि वर माणसं असणाऱ्यांसाठी होता, आता वीस आणि वर, त्याखाली असाल तर धंद्याची ऑनलाइन सूचना देऊन पावती घ्यायची, बाकीची कलमं लागत नाहीत. सप्टेंबर 2025 मध्ये मंत्रिमंडळानं दहाची ती मर्यादा वीस करायचं मंजूर केलं आणि ऑक्टोबर 2025 मध्ये अध्यादेशानं ती बदलली. ताईंचं शोरूम तीसच्या वर आहे, त्यामुळे कुठूनही मोजलं तरी ते आतच. (उचल देता ते खरंच मोठं काम आहे, पण शोरूमवाल्याचं आणि तुमचं गणित एक नाही.)

हिंगणा_शिफ्टवाला

आमचं एमआयडीसीचं वेगळंच आहे, कारखान्याला शॉप अ‍ॅक्ट नाही लागत, आमचं युनियनच्या करारावर चालते. पण एक विचारतो, महिन्याचा पगार तर फिक्स असते ना, मग डबल कशाचं काढता?

पगारपत्रक

समजा पगार 15,600. 26 नं भागलं तर दिवसाचे 600. सुट्टीचा पगार महिन्यात आधीच धरलेला आहे, म्हणून काम केलं तर आणखी 600 जोडायचे, झाले दिवसाचे 1,200, शिवाय एक बदली सुट्टी. काही सॉफ्टवेअर 30 नं भागतं आणि 520 च काढतं, तेवढं स्लिपवर तपासा. आणि ताई, दहा ते दहा म्हणता ना, जेवणाची सुट्टी वजा करूनही दहा तासांच्या वर (ऑक्टोबर 2025 च्या आधी ही मर्यादा नऊ होती) झालं असेल तर तो ओव्हरटाइम, त्याचाही दर दुप्पटच.

बिलिंगवाली_नागपूर

धन्यवाद दादा, खूप खूप. एक अजून, आमच्याकडे नुकतंच सगळ्या जुन्या लोकांना "सीनियर सुपरवायझर" असं आयडी कार्ड दिलं, पगार तोच. एचआर म्हणते सुपरवायझरला हा कायदाच नाही. खरं आहे का हे? आणि शिवाय 15 ऑगस्टला ज्याची त्याची वीकली ऑफ सरकवून त्याच दिवशी टाकतात, म्हणजे एक गेलीच ना?

दुपारची_लोकल

हाहा सुपरवायझर! आमच्याकडे तर चहा देणारा पण "एक्झिक्युटिव्ह" आहे.

पगारपत्रक

हसण्यावारी नका नेऊ, ही चाल सध्या फार चालू आहे. मॅनेजर, सुपरवायझर, गोपनीय काम करणारे यांना कायद्यातून वगळलं आहे हे खरं, पण अशा लोकांची यादी वेबसाइटवर लावावी लागते, वेबसाइट नसेल तर दुकानात दिसेल अशा जागी, आणि एक प्रत सुविधाकाराला पाठवावी लागते (जुने शॉप इन्स्पेक्टर, आता नाव सुविधाकार). ती यादी कुठे लावली आहे एवढंच विचारा. आणि कार्डावर काहीही छापलं तरी काम तुम्ही बिल फाडण्याचंच करता ना, कुणाची रजा मंजूर करता का? नाही तर सुपरवायझर कसले?

वीकली ऑफ सरकवणं माझ्या मते चालत नाही. आठवड्याची सुट्टी वेगळी, सणाची वेगळी, एकात एक घुसवली की तुमची एक गिळली. येत्या वर्षी लक्ष्मीपूजन 8 नोव्हेंबरला रविवारी आहे, तिथेही हाच खेळ होऊ शकतो, आतापासून लिहून घ्या.

सहीचं म्हणाल तर नुसती सही करू नका, शेजारी लिहा "14 एप्रिल किंवा तान्हा पोळा यावा अशी मागणी", आणि फोटो काढून ठेवा. एकटीनं नाही, आठ-दहा जणांनी एकदम. आठ दिवसांत उत्तर नाही आलं तर कामगार आयुक्तांच्या नागपूर ऑफिसला साधा अर्ज द्या, सोबत ऑक्टोबरची स्लिप आणि त्या दिवसाच्या हजेरीचा फोटो. दंड एक लाखापर्यंत होऊ शकतो, माणशी दोन हजाराच्या वर मात्र नाही, तीस माणसांचं किती होतं ते मालकाला येतं मोजता.

इतवारीचा_राजा

मतदानाचं पण सांगून टाका राजेहो. 20 नोव्हेंबर 2024 ला विधानसभेचं मतदान होतं तेव्हा माझ्या भाच्याचा दिवस कापला होता त्याच्या मॉलवाल्यानं.

पगारपत्रक

तो वेगळा कायदा आहे दादा, लोकप्रतिनिधित्व कायदा 1951, कलम 135-ब. लोकसभा-विधानसभेच्या मतदानाला मतदार असलेल्या नोकराला पगारी सुट्टी द्यावीच लागते, रोजंदारीवाला असला तरी. ही त्या आठ सुट्ट्यांत धरायची नाही. दंड फक्त पाचशे आहे म्हणून मालक घाबरत नाहीत, पण कापलेला दिवस तर मागताच येतो. भाच्याला त्या महिन्याची स्लिप शोधायला लावा.

बिलिंगवाली_नागपूर

आज लंच टाइमला अकरा जणांनी लिहून सह्या केल्या. गोडाउनवाल्यांना पोळाच पाहिजे, काउंटरवाल्यांना 14 एप्रिल, शेवटी दोन्ही लिहिले आणि होळी-पाडवा काढा म्हटलं. एचआरनं कागद घेतला, बोलली काहीच नाही. पोच मागितली तर म्हणे मेल करा. मेलच केला मग, सगळ्यांना कॉपीत ठेवून.