परदेशात घरचा गणपती आणि गोऱ्या मित्रांना आमंत्रण: चालतं का?

दादरकरीण
धाकटा भाऊ नोकरीसाठी म्युनिकला असतो. यंदा चतुर्थी १४ सप्टेंबरला, सोमवारी आलीये. त्याला तिकडे दीड दिवसाचा बसवायचाय आणि मित्रांना जेवायला बोलवायचंय, बहुतेक जर्मन, एक तुर्की, एक ब्राझीलची मुलगी. झालं, आमच्याकडे लगेच दोन पार्ट्या पडल्या. आई म्हणते बोलव की, प्रसाद काय जात विचारून देतात का. काका म्हणतात घरचा गणपती म्हणजे प्रदर्शन आहे का, आणि मूळ घरी बसतोय तर याने वेगळा कशाला बसवायचा.

माझं मत सांगते, मग भांडा. बोलवावंच, पण कामाला लावायला बोलवावं. आपल्याकडे गणपतीत कोणी लवकर टपकलं की दोन मिनिटांत त्याच्यापुढे दूर्वा निवडायला येतात, नाहीतर केळीची पानं पुसायला, आणि आरतीला हातात टाळ. तिकडे मात्र मी फोटोंत बघते ते असं की सगळे सोफ्यावर रांगेत बसलेत, हा उभा राहून सोंड का, उंदीर का ते समजावतोय, मग एकेक मोदक, एक सेल्फी, बाय बाय. काकांना जे प्रदर्शन वाटतं ते हेच, आणि तेवढ्यापुरतं त्यांचं बरोबर आहे.

गुहागर टू गिरगाव
काकांच्या बाजूने. आमच्यात वेगळी चूल झाली तरच वेगळा गणपती, नाहीतर सगळे भाऊ गावी. रेल्वेचं रिझर्वेशन मिळो न मिळो, एसटीने, लोंबकळत, पण गावी. ज्याला जमत नाही तो मुंबईत गप घरी बसतो, हात जोडतो. हे देवाचं आहे, ऑफिसचं गेट टुगेदर नाही. आणि सकाळी सॉसेज खाऊन आलेला माणूस थेट मखरापुढे? सॉरी, मला नाही पटत.

तिखटाची गौर
सॉसेजवरून आठवलं, आमच्याकडे गौरीला तिखटाचा नैवेद्य असतो. कोकणातल्या कितीतरी घरांत मटण, वडे, चिंबोऱ्या असं सगळं गौरीपुढे जातं, फक्त मधे पडदा सरकवायचा की गणपतीला दिसत नाही. तेव्हा कोण काय खाऊन आलं याचा हिशोब जरा जपून करा दादा, तुमच्या शेजारच्या वाडीत विचारून बघा.

चाळकरी
अहो मुंबईत १८९३ पासून केशवजी नाईकांच्या चाळीत सार्वजनिक गणपती बसतोय, तोही तुमच्याच गिरगावात! आणि आमच्या चाळीत तर घरगुती गणपतीलाही दार उघडंच असायचं, गुजराती काकू, समोरच्या डिसोझा आंटी, सगळे येऊन टेकून जायचे. त्यांना कोणी सोंडेची गोष्ट सांगितली नाही, त्या सरळ आत जाऊन मोदकाला पाऱ्या करायला बसायच्या.

गुहागर टू गिरगाव
सार्वजनिक आणि घरचा यांची गल्लत करू नका. मंडळाचा गणपती लोकांसाठीच असतो, घरचा कुळाचार असतो. आणि डिसोझा आंटी वर्षभर शेजारी होत्या हो, एका दिवसाच्या पाहुण्या नव्हत्या.

मुलुंड रिटर्न
शेवटचा मुद्दा तुमचा चांगला आहे. पण तिकडे शेजारी असे बनवावेच लागतात, आपोआप होत नाहीत. मी काही वर्षं जर्मनीत काढलीत म्हणून भावासाठी थोडं कामाचं. एक, कापूर. भाड्याच्या घरात छताला स्मोक अलार्म असतोच, धूर वर गेला की आरतीपेक्षा मोठ्याने बोंबलतो, तेव्हा निरांजनावर भागवा. दोन, रात्री १० नंतर झांजा नकोत, शेजारी पोलिसांना फोन करतात (मुंबईतही लाउडस्पीकरला १० चाच नियम आहे, पण ते जाऊ दे). खोबरं श्रीलंकन तमिळ दुकानात खवलेलं फ्रोजन मिळतं. तांदळाचं पीठ थाई घेतलंत तर पाकीट नीट बघा, चिकट तांदळाचं आलं तर मोदक ताटाला चिकटून बसतो. आणि मूर्ती म्हणाल तर पेणच्या मूर्ती जहाजाने उन्हाळ्यातच निघतात, आत्ता धावपळ करण्यात अर्थ नाही. क्राफ्टच्या दुकानातली न भाजायची माती आणून हाताने करा. पार्थिव पूजाच आहे ती, मातीचीच पाहिजे.

दादरकरीण
हे भारी! मग मूर्ती आदल्या शनिवारी मित्रांनाच घेऊन करायची. सोंड वाकडी होईल, होऊ दे. प्राणप्रतिष्ठा सोमवारी पहाटे तो एकटा करेल, तिथी बदलायची नाही यावर मी ठाम आहे. विसर्जन मंगळवारी संध्याकाळी बादलीत, ज्यांना ऑफिसातून सुटून जमेल ते येतील.

गुहागर टू गिरगाव
शनिवारी माती मळायला बोलवताय ते एक वेळ ठीक, तेव्हा तो देव नसतो अजून. पण वेगळा गणपती या मुद्द्यावर मी हललेलो नाही. एकदा बसवला की दरवर्षी बसवावा लागतो, हे भावाला सांगितलंय का कोणी? पुढच्या वर्षी नोकरी बदलून तिसऱ्याच देशात गेला तर?

तिखटाची गौर
तर तिथे बसवेल! गणपतीला काय व्हिसा लागतो?

दादरकरीण
नाही, हा प्रश्न खरंच विचारायला हवा, तो मी त्याला आज रात्री फोनवर विचारते. आईसुद्धा यावर गप्प झाली.

चाळकरी
विचारा. आणि टाळ पाठवणार असाल तर दोनच जोड पाठवा. आमच्या सोसायटीत जन्मापासून आरती म्हणणाऱ्यांना ताल जमत नाही, तिथे आठ जर्मन एकदम वाजवायला लागले तर शेजारी १० ची वाट बघणार नाहीत.