देखरेखीखालील मुलाला दुसऱ्या जिल्ह्यात काम मिळते आहे. बंधपत्राच्या अटी बदलण्याबाबत मदत हवी आहे

नमस्कार. मी इंदूरमध्ये परिवीक्षा अधिकारी आहे. या पदावर येऊन मला जेमतेम आठ महिने झाले आहेत. आमचा अहवाल कायद्याने गोपनीय असतो, म्हणून ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत.

मित्रांबरोबर मोटारसायकल चोरल्याच्या गुन्ह्यात हा मुलगा दोषी ठरला, तेव्हा त्याला एकविसावे वर्ष पूर्ण झालेले नव्हते. न्यायालयाने अहवाल मागवून, तुरुंगात न पाठवता, अपराधी परिवीक्षा अधिनियम, १९५८ च्या कलम ४ खाली दोन वर्षांच्या सदाचाराच्या बंधपत्रावर त्याला सोडले आणि देखरेख माझ्याकडे दिली. इंदुरात आईजवळ राहावे आणि महिन्यातून दोनदा माझ्यापुढे हजर व्हावे, अशा अटी आहेत. जामीनदारही आईच आहे; ती हातगाडीवर इस्त्री करते.

सात महिन्यांत त्याची एकही हजेरी चुकलेली नाही. लेथवर त्याचा हात चांगला बसला आहे आणि आता पीथमपूरच्या एका कारखान्यात त्याला काम मिळते आहे. पीथमपूर आम्हा इंदूरकरांना घरचेच वाटते, पण ते धार जिल्ह्यात येते, आणि पहिली पाळी सकाळी सहाला असल्यामुळे त्याला तिथेच चौघांत खोली घेऊन राहावे लागेल. त्याला योग्य काम मिळवून देण्याचा प्रयत्न करावा, असे कलम १४ मला सांगते. बंधपत्र सांगते की त्याने पत्ता सोडू नये. परवानगीविना तो गेला, तर मूळ गुन्ह्याची शिक्षासुद्धा न्यायालय सुनावू शकते.

कलम ८ खाली अर्ज मीच करायचा, हे मला ठाऊक आहे. अडचण अशी की अटी बदलण्यापूर्वी जामीनदाराचेही म्हणणे ऐकावे लागते, आणि नजरेआड गेला की तो पुन्हा त्याच पोरांत मिसळेल, म्हणून आपण संमती देणार नाही, असे आईने मला स्पष्ट सांगितले आहे. तिने नकार दिला तर नवे बंधपत्र मागितले जाऊ शकते, आणि या मुलासाठी दुसरे कोणी जामीनदार म्हणून उभे राहील असे मला वाटत नाही.

दुसरा प्रश्न कारखान्याच्या अर्जाचा आहे. परवा माझ्या टेबलाशी बसून तो अर्ज भरत होता. नाव, वडिलांचे नाव, पत्ता त्याने झरझर लिहिला आणि ‘आपण कधी दोषी ठरला आहात काय’ या रकान्यात पेन टेकवून इतका वेळ थांबला की तिथे शाईचा ठिपका पसरला. कलम १२ असल्यामुळे ‘नाही’ लिहिले तरी चालते, असे एका सहकाऱ्याचे म्हणणे आहे. मला ते पटत नाही. ज्यांनी अशी प्रकरणे हाताळली आहेत त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

ताई, मी बडोद्याला हेच काम करून निवृत्त झालो. तुमची शंका रास्त आहे. कलम १२ मुळे दोषसिद्धीबरोबर कायद्याने येणारी अपात्रता लागत नाही, पण दोषसिद्धी पुसली जात नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९० साली बक्षीराम प्रकरणात हेच सांगितले आहे. त्याला खरे तेच लिहू द्या आणि सोबत आदेशाची प्रत जोडा. कारखान्यात तुम्ही स्वतः बोलायचे असेल, तर आधी त्याला विचारा.

आईला थेट न्यायालयात उभे करू नका. अर्जाआधी तिला ती खोली आणि सोबत राहणारी मुले दाखवून आणा. कलम १३ प्रमाणे देखरेख धारच्या अधिकाऱ्याकडे देता येते, पण माझ्या मते निदान सहा महिने ती तुमच्याकडेच राहावी, आणि हजेरीचा दिवस त्याच्या साप्ताहिक सुट्टीला ठेवण्याची विनंती त्याच अर्जात करावी.

धागाकर्तीचे उत्तर

मनापासून आभार. येत्या रविवारी खोली पाहायला यायला आई तयार झाली आहे. संमतीचे मात्र तिने अजून काही सांगितलेले नाही.