गव्हाळ रंग, मेंदीचे केस आणि ॲश ब्राउन: जमेल का?

अबोली_फोंडा
डिसेंबरात घरात लग्न आहे, त्याआधी केस रंगवायचेत. रंग गव्हाळ, पण रोज स्कूटरवरून ये-जा, त्यामुळे चेहरा चांगलाच रापलाय. केस खांद्यापर्यंत, काळे, कानशिलांपाशी पांढरे दिसू लागलेत. चार वर्षं मेंदी लावते, शेवटची चवथीआधी. मावसबहिणीला ॲश ब्राउन (राखाडी झाकेचा तपकिरी) फार शोभतो, म्हणून तोच डोक्यात बसलाय. मनगटाच्या शिरा बघा म्हणतात, पण मला अर्ध्या हिरव्या दिसतात, अर्ध्या निळ्या. मग माझा टोन, म्हणजे कातडीची झाक, कुठला समजायचा, उबदार की थंड? घरीच लावायचा विचार आहे. पाणी विहिरीचं.

रंगपेटी_म्हापसा
ताई, शिरांचा नाद सोडा. गव्हाळ आणि सावळ्या कातडीवर त्या बहुतेकांना हिरवट-निळ्याच दिसतात. रापलेला चेहराही बघू नका, ऊन कमी झालं की तो बदलणार. कानामागची आणि दंडाच्या आतली कातडी बघा.

त्यापेक्षा कापडाची परीक्षा घ्या. एक न धुतलेल्या मांजरपाटाचा पिवळसर तुकडा, एक निळीचा पांढराशुभ्र रुमाल. सकाळी दहाच्या सुमारास खिडकीपाशी, तोंड धुऊन, केस मागे बांधून, आळीपाळीने दोन्ही हनुवटीखाली धरा. सोप्यावर लाल सिमेंटची जमीन असेल तर तिथे नको, खालून लाल उजेड उसळतो आणि सगळ्यांचाच टोन उबदार वाटतो. ट्यूबलाइटखाली तर बघूच नका.

मांजरपाटाने चेहरा उजळला आणि शुभ्र रुमालाने डोळ्यांखालची काळी वर्तुळं जास्त दिसली, तर टोन उबदार: सोनेरी तपकिरी, मध, कॅरमेल, तांबूस छटा. उलटं झालं तर थंड: बरगंडी, प्लम, निळसर काळा, आणि ॲशसुद्धा. दोन्हींत फरकच जाणवला नाही तर चॉकलेट, मोका.

एक चौथा प्रकार विसरला जातो. कातडीत हिरवट झाक असलेली माणसं आपल्याकडे खूप आहेत. त्यांना सोनं शोभतं, पण ॲश लावला की चेहरा आजारी, राखाडी वाटतो. मावसबहिणीचा रंग तिच्याकडेच राहू दे, आधी हे बघा.

शेड_चार_मडगाव
शिरांबद्दल सहमत. पण ॲशचा मुद्दा कातडीपेक्षा केसांतून जास्त येतो.

खोक्यावरचा पहिला आकडा गडदपणा सांगतो: १ काळा, १० अगदी फिका. टिंबानंतरचा आकडा छटा: .० नैसर्गिक, .१ ॲश, .३ सोनेरी, .४ तांबूस, .५ महोगनी. हे बऱ्याच कंपन्यांत जुळतं, सगळ्यांत नाही, म्हणून नाव वाचून घ्या. आपले केस १ ते ३ मधले. २० व्हॉल्यूम डेव्हलपर (रंगात मिसळायचा द्रव), म्हणजे ६ टक्के पेरॉक्साइड, त्यांना फार तर एक-दोन पायऱ्या वर नेतो. खोक्यावर ६.१ लिहिलेलं असलं तरी डोक्यावर येतो चारच्या आसपास.

आणि काळा केस उघडला की आतून पहिल्यांदा लाल निघतो, मग नारिंगी, पिवळा सर्वांत शेवटी. ॲशमधली निळी-हिरवी छटा त्या लालीला मारण्यातच खर्च होते, हाती उरतो साधा गडद तपकिरी. फोटोतला धुरकट ॲश हवा असेल तर ब्लीच लागतं. मेंदीवर ब्लीच घरी करू नये: मेंदीचा नारिंगी सहसा निघत नाही, केस मात्र कोरडा होऊन तुटतो.

पांढऱ्यांवर नुसती छटा लावली की ते भडक दिसतात. त्यात .० मिसळावाच लागतो.

अबोली_फोंडा
दोन्हींचे आभार. मांजरपाटच बरा दिसला, चांदीपेक्षा सोनंही. म्हणजे ॲश गेला. मेंदी पाकिटातली, ‘काळी-तपकिरी’ लिहिलेली. चालेल ना? आणि प्रमाण सांगाल का?

शेड_चार_मडगाव
इथेच थांबा. शुद्ध मेंदी काळी-तपकिरी नसते, ती नारिंगी-लालच येते. पाकिटात नीळ (निळीच्या झाडाची पूड) असेल तर फारसं बिघडत नाही, नुसता रंग अंदाजाबाहेर जातो, कधी हिरवट वळतो. पण धातूचे क्षार असतील तर पेरॉक्साइड लागताच केस गरम होतात, फुगतात, तुटतात. विंचरताना आलेल्या केसांची बोटाएवढी बट दोऱ्याने बांधा, काचेच्या वाटीत डेव्हलपर घेऊन अर्धा तास बुडवा. वाटी कोमट झाली, बुडबुडे आले किंवा बटेचा रंग झपाट्याने उडाला, तर रासायनिक रंग लावायचा नाही. मेंदीचा भाग वाढून कापला जाईपर्यंत थांबायचं.

बट शांत राहिली तर ४० ग्रॅम ५.० आणि २० ग्रॅम ५.३. सोनेरी एवढाच पुरे, मेंदीची ऊब आधीच आहे. ट्यूब १:१.५ ची असेल तर ९० मिली डेव्हलपर, १:१ ची असेल तर ६०. पत्रकावरचं प्रमाण प्रमाण मानायचं. वाटी प्लास्टिकची, स्टीलची नको. आधी त्याच मिश्रणाने एक बट रंगवून, सुकवून उन्हात बघा.

केस आदल्या दिवशी धुतलेले, कोरडे. केसांच्या रेषेवर आणि कानांवर व्हॅसलीन. सुरुवात कानशिलांपासून, मग बाकीची मुळं. पाव इंचाचे भाग पाडून, कारण जाड भागात आतले पांढरे तसेच राहतात. मुळांना सगळीकडे लागल्यापासून ३५ मिनिटं. टोकांना शेवटची दहाच. मेंदीचे केस रंग जास्त ओढतात, टोकं काळी पडतात. उकडतं म्हणून पंख्याखाली बसू नका. मिश्रण सुकलं की रंग पुढे चढत नाही.

रंगपेटी_म्हापसा
विहिरीच्या पाण्याबद्दल कुणीच बोललं नाही. न्हाणीतल्या पांढऱ्या टमरेलाच्या आत पिवळट-तपकिरी कड बसत असेल तर पाण्यात लोह आहे. ते केसांवर चढतं, पेरॉक्साइडशी भिडतं आणि रंग डागाडागांनी बसतो. तीन-चार दिवस आधी एकदा कीलेटिंग शॅम्पू लावा (खनिजं काढणारा, बाटलीवर ईडीटीए लिहिलेला). नंतर जमल्यास केस शेवटी नळाच्या पाण्याने धुवा.

आणि पॅच टेस्ट. मिश्रण कानामागे रुपयाएवढं, ४८ तास. खाज, लाली, सूज यांपैकी काहीही आलं तर रंग रद्द, मग आदल्या खेपेला चालला असला तरी. किनाऱ्यावर काढून देतात त्या काळ्या मेंदीच्या टॅटूने कधी फोड आले असतील तर टेस्टही नको, आधी त्वचारोगतज्ज्ञ. त्या काळ्या मेंदीत बऱ्याचदा पीपीडी (ॲलर्जी आणू शकणारं रसायन) घातलेलं असतं, केसांच्या बहुतेक पक्क्या रंगांतही तेच.

लग्नाच्या आदल्या दिवशी लावू नका. पाच-सहा दिवस आधी लावलात की कपाळावरचे डाग जातात, दोन धुण्यांत छटा बसते आणि कानशिलं फिकी राहिली तर पुन्हा मारायला वेळ मिळतो.

अबोली_फोंडा
टमरेलाला कड आहे. शॅम्पू बघते. बट आज रात्री बुडवते.

शेड_चार_मडगाव
भुवया मात्र रंगवू नका. केसांचा रंग डोळ्यांजवळ न्यायचा नसतो, आणि पाच नंबरच्या केसांखाली काळ्या भुवया शोभतातच.