भाच्याला सांभाळणाऱ्या मावशीला काय म्हणावे : पालक, प्रतिपालक की आप्तपालक?

प्रश्न : माध्यमिक शिक्षिका, राजारामपुरी, कोल्हापूर

माझ्या आठवीच्या वर्गात एक मुलगा आहे. त्याची आई तीन वर्षांपूर्वी वारली, वडील त्याआधीच घर सोडून गेले होते आणि तेव्हापासून तो मावशीकडे वाढतो आहे. गेल्या महिन्यात वर्गात मारामारी झाली तेव्हा मी नेहमीच्याच सवयीने त्याला म्हणाले, 'उद्या पालकांना घेऊन ये.' त्याने मान खाली घातली आणि तो म्हणाला, 'मला पालक नाहीत, मावशी आहे.' दुसऱ्या दिवशी मावशी कामावर अर्ध्या दिवसाचा खाडा करून आल्या. त्यांना मी माहितीपत्रक भरायला दिले. त्यात आईचे नाव, वडिलांचे नाव आणि पालकाचे नाव असे तीन रकाने आहेत. पहिले दोन त्यांनी भरले, तिसरा कोरा सोडला आणि खाली कडेला बारीक अक्षरात लिहिले, 'मुलगा आमच्याकडे असतो.'

अशी मुले सांभाळणाऱ्या नातेवाइकांसाठी आम्ही शाळेत एक बैठक ठेवत आहोत आणि मुलांच्या मानसिक आरोग्यावर बोलण्यासाठी समुपदेशक येणार आहेत. निमंत्रणात त्यांना कोणत्या शब्दाने संबोधावे? 'प्रतिपालक' हा शब्द वर्तमानपत्रांत वाचला आहे. तो इथे चालेल का?

उत्तर : निवृत्त मराठी शिक्षक, कागल

मॅडम, आधी 'पालक' या शब्दाकडे पाहू. संस्कृतातील 'पाल्' धातूचा अर्थ राखणे, रक्षण करणे असा आहे. त्यामुळे जन्म देणे ही पालक होण्याची अट नाही. 1890 सालच्या कायद्याचे मराठी नाव 'पालक व पाल्य अधिनियम' असे आहे आणि तिथेही पालक म्हणजे अल्पवयीन मुलाची जबाबदारी वाहणारी व्यक्ती. पालकसभेमुळे मात्र या शब्दाचा अर्थ आपल्या मनात आईवडिलांपुरता आकसला आणि त्या आकसलेल्या अर्थानेच तुमच्या विद्यार्थ्याला 'मला पालक नाहीत' असे म्हणायला लावले. शब्दाच्या मूळ अर्थाने पाहिले तर त्याला पालक आहेत, आणि त्या अर्ध्या दिवसाचा खाडा करून शाळेत आल्या होत्या.

'प्रतिपालक' हा जुना शब्द आहे. राजाला 'प्रजाप्रतिपालक' म्हणत, म्हणजे त्यातला 'प्रति' विरोधाचा नाही. परंतु आज हा शब्द वेगळ्या, कायद्याने ठरवलेल्या व्यवस्थेसाठी रूढ होत आहे. 2015 सालच्या बाल न्याय अधिनियमात बालकल्याण समितीने बालकाला त्याच्या जैविक कुटुंबाव्यतिरिक्त दुसऱ्या, निवडलेल्या आणि देखरेखीखालच्या कुटुंबात ठेवणे, अशी जी व्याख्या आहे, त्या कुटुंबातील पालक ते प्रतिपालक. या व्यवस्थेला इंग्रजीत 'फॉस्टर केअर' म्हणतात आणि त्यातील 'फॉस्टर' शब्दाचे मूळ अन्नात, खाऊ घालण्यात आहे. त्या दृष्टीने आपला 'पोसणे' त्याला अधिक जवळचा ठरला असता, पण 'तुला पोसतो आहे' या वाक्याने मराठी घरांत इतकी मने दुखावली आहेत की त्याची शिफारस मी करणार नाही.

'दत्तक' तर मुळीच नको. दत्त म्हणजे दिलेला. दत्तकविधानाने मूल कायद्याने एका घरातून दुसऱ्या घरात जाते. हे कोल्हापूरकरांना सांगायला नको, कारण आमच्या कागलच्या घाटगे घराण्यातील यशवंतराव 17 मार्च 1884 रोजी दत्तक गेले आणि शाहू छत्रपती झाले. तुमच्या विद्यार्थ्याला मात्र कोणी कोणाला दिलेले नाही. तो आईच्या बहिणीजवळ आहे, इतकेच.

म्हणून माझी शिफारस 'आप्तपालक' आणि त्या व्यवस्थेला 'आप्तसंगोपन'. 'नातेवाईक' न म्हणता 'आप्त' म्हणण्यामागे कारण आहे. न्याय या भारतीय दर्शनात आप्त म्हणजे ज्याच्या शब्दावर विश्वास ठेवावा असा माणूस, 'आप्तवाक्य' हा शब्द त्यातूनच आला. संयुक्त राष्ट्रांनी 2009 साली मुलांच्या पर्यायी संगोपनाची जी मार्गदर्शक तत्त्वे स्वीकारली, त्यांतही विस्तारित कुटुंबाबरोबर मुलाच्या ओळखीचे, कुटुंबाच्या जवळचे लोक धरलेले आहेत. शेजारच्या काकूंनी सांभाळलेले मूल 'नातेवाईक' या शब्दाबाहेर राहते, 'आप्त' या शब्दात ते सामावते.

'संगोपन' हा शब्दही विचार करण्यासारखा आहे. त्याच्या मुळाशी 'गुप्' धातू आहे आणि त्याचे राखणे व झाकणे असे दोन्ही अर्थ होतात. आईच्या मृत्यूनंतर मुलाला राखताना घर पुष्कळदा तो मृत्यूही झाकून ठेवते, त्याच्यासमोर आईचे नाव काढत नाही. इथे या धातूचे दोन्ही अर्थ एकाच घरात नांदतात.

प्रतिसाद : समुपदेशक, कोल्हापूर

सरांच्या शेवटच्या मुद्द्याचा अनुभव मला कामात वारंवार येतो. मावशीने भाच्याची आई गमावलेली नसते, तिने स्वतःची बहीण गमावलेली असते. आजीने लेक गमावलेली असते. मूल आणि त्याला सांभाळणारी बाई या दोघांचे दुःख एकाच माणसाचे असते आणि एकमेकांना त्रास नको म्हणून दोघेही गप्प राहतात. मग मुलाची झोप उडते, तो अंगावर येतो, अभ्यास सोडतो आणि घरात त्याला 'हट्टी', 'उद्धट', 'लाडावलेला' असे शब्द चिकटतात. ज्याला आपण वळण नसणे म्हणतो ते अनेकदा न रडलेले रडणे असते. अशा वेळी एकट्या मुलाला माझ्यासमोर बसवून भागत नाही, सांभाळणाऱ्यांनाही बसवावे लागते.

2014 साली प्रसिद्ध झालेल्या, कोक्रेन या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेच्या आढाव्यात 102 अभ्यास एकत्र पाहिले गेले होते. परक्या प्रतिपालक कुटुंबांतील मुलांपेक्षा आप्तांकडे राहणाऱ्या मुलांचे वर्तन आणि मानसिक आरोग्य चांगले आढळले आणि त्यांना घरेही कमी वेळा बदलावी लागली. मानसोपचाराच्या सेवा मात्र परक्या कुटुंबांतील मुलांपर्यंत अधिक पोहोचल्या होत्या. ते अभ्यास प्रामुख्याने अमेरिकेतील आहेत, तरी कारण आपल्याला ओळखीचे वाटावे. प्रतिपालकाची नोंद असते, फाईल असते, भेटीला येणारा कर्मचारी असतो. मावशीची नोंद कुठेच नसते, कारण 'मावशीच ती, करणारच' असे सगळे गृहीत धरतात. 'माय मरो पण मावशी उरो' ही म्हण आपण कौतुकाने म्हणतो, पण उरलेल्या मावशीला काय हवे आहे ते म्हण विचारत नाही. आप्तपालक या शब्दाला माझा पाठिंबा आहे तो याच कारणासाठी. ज्याला नाव आहे त्याच्यासाठी बैठक बोलावता येते, यादी करता येते, मदत मागता येते.

निमंत्रणाच्या मागच्या बाजूला दोन गोष्टी जरूर छापाव्यात. पहिली, राज्य शासनाची क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बाल संगोपन योजना, जिच्यात 2023 पासून एका मुलासाठी दरमहा 2,250 रुपये मिळतात. तिची चौकशी जिल्हा महिला व बाल विकास कार्यालयात करता येते. दुसरी, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेचा 14416 हा विनामूल्य क्रमांक. तो मुलांसाठी आहे तसाच मोठ्यांसाठीही आहे आणि त्यावर मराठीत बोलता येते.

प्रतिसाद : गृहिणी, शिरोळ तालुका

मी जावेच्या मुलीला सहा वर्षे सांभाळते आहे, म्हणून 'आमच्याकडे असते' या शब्दांविषयी लिहिते. आम्ही सगळेच असे बोलतो आणि त्यात वाईट हेतू नसतो. पण 'कडे' म्हटले की मूल पाहुणे होते. 'ही आमच्याकडे असते' असे मी किराणा दुकानात कोणाला तरी सांगत होते, तेव्हा तिने माझ्या हातातली पिशवी काढून घेतली आणि ती पुढे चालू लागली. त्या दिवसापासून मी 'ही आमची' एवढेच म्हणते. तिची आई कोण हे गावाला माहीत आहे, ते दर वेळी सांगायची गरज नसते. आप्तपालक हा शब्द कागदावर चांगला आहे, पण कृपा करून मुलीने मला त्या नावाने ओळख करून द्यावी अशी अपेक्षा कोणी ठेवू नये. तिच्यासाठी मी काकीच बरी.

आणखी एक विचारायचे आहे. महिन्यातून एखादा दिवस मूल दुसऱ्या विश्वासाच्या घरी राहील आणि सांभाळणाऱ्या बाईला थोडी उसंत मिळेल, याला काही शब्द आहे का?

उत्तर : निवृत्त मराठी शिक्षक, कागल

ताई, 'विसावा' हा आपलाच शब्द त्यासाठी पुरेसा आहे. 'विसाव्याचा दिवस' म्हणावे, नवा शब्द घडवू नये. काकीला काकीच म्हणावे हेही अगदी योग्य. हाक मारण्याचा शब्द आणि नोंद करण्याचा शब्द वेगळे असू शकतात. 'आप्तपालक'चे स्त्रीलिंगी रूपही करू नये, 'पालक'सारखाच तो दोघांना चालतो.

प्रश्नकर्त्या शिक्षिका, राजारामपुरी

सर्वांचे मनापासून आभार. निमंत्रणाचा मजकूर 'आदरणीय आप्तपालक' असा ठरवला आहे आणि मागच्या बाजूला योजना व क्रमांक छापतो आहोत. मुख्याध्यापकांशी बोलून माहितीपत्रकातील तिसरा रकाना 'पालकाचे नाव व विद्यार्थ्याशी नाते' असा केला आणि तो पहिल्या क्रमांकावर घेतला, म्हणजे आईवडिलांच्या रकान्यांआधी भरायचा. आज त्या मुलाला नवे पत्रक घरी नेण्यासाठी दिले. त्याने ते बाकावरच वाचले आणि विचारले, 'मॅडम, इथे मावशीचे लग्नानंतरचे नाव लिहायचे ना?'