दिवाळीआधी शाळेत कार्यक्रमच कार्यक्रम, मग शिकवणं कधी?

पांदणवाला
जिल्हा यवतमाळ, गावाचं नाव राहू द्या. जिल्हा परिषदेची शाळा, पहिली ते चौथी, दोन सर. सुट्ट्या लागायच्या आत हे इथं मांडतो, कारण गावात बोललो की "हा शाळेच्या विरोधात आहे" असा शिक्का बसतो.

पोळ्यापासूनच्या शाळेच्या ग्रुपवरच्या बातम्या काल बसून पाहिल्या. तान्हा पोळा: लाकडी बैल, वेशभूषा, बक्षिसं. शिक्षक दिन: चौथीची पोरं सर झाली. मग महिनाभर भुलाबाई, म्हणजे पोरींची गाणी आणि खिरापत. २ ऑक्टोबरची स्वच्छता, परसबाग, केंद्राच्या (आसपासच्या शाळांच्या गटाच्या) स्पर्धांसाठी लंगडी-कबड्डीचा सराव. १५ ऑक्टोबरला तर हद्दच झाली. सकाळी हात धुवा दिवस, त्याच्या पाठोपाठ वाचन प्रेरणा दिन. पोरांनी साबण लावून हात धुतले आणि त्याच ओल्या हातांनी पुस्तकं धरून ओळीत उभी राहिली. फोटो मोठा करून पाहा, पानांवर पाण्याचे डाग दिसतात. पोरीला विचारलं, कोणतं पुस्तक होतं? म्हणे, "फोटो झाल्यावर सरांनी गोळा केले."

पोरगी तिसरीत आहे. साधे शब्द धडाधड वाचते, जोडाक्षर आलं की अडते. "रस्त्यावर"चं "रसतावर" करते. आपल्याकडं विदर्भात उन्हामुळे शाळा बाकी महाराष्ट्रापेक्षा आठेक दिवस उशिरा उघडते, म्हणजे पहिलं सत्र तसंही आखूड. दिवाळीनंतर कापूस फुटतो आणि अर्धा वर्ग वावरात असतो. मजुराच्या पोराला सलग शिकायला मिळतं ते पोळा ते दिवाळी एवढंच. म्हणून माझं म्हणणं सरळ आहे: या दोन महिन्यांत एकही उपक्रम नको. काय नाचायचं ते जानेवारीत स्नेहसंमेलनात नाचा.

वऱ्हाडी ठेचा
काऊन बावा, पोट्टे शाळेत जोडाक्षरासाठी येतात का? आमच्या गावात सोयाबीन सोंगणी लागली का माय पहाटंच वावरात जाते, अन् मोठी पोरगी लहान भावाले सांभाळाले घरी रायते. मांगच्या साली बाईनं शाळेत भुलाबाई मांडली. ज्वारीच्या धांड्याचा मखर, टिपऱ्या, अन् रोज दोन घरची खिरापत. डब्बा बंद. पोरी तो कानाजोळ नेऊन हालवत. खळखळ वाजला तं फुटाणे, धप्पकन वाजला तं लाडू, काईच नाई वाजलं तं शिरा! घरी रायनाऱ्या पोरी भावाले कडेवर घेऊन याले लागल्या. बाईनं त्याईले खिरापतीचं नाव फळ्यावर लिहाले लावलं. "खोबऱ्याच्या वड्या" लिहून पाहा म्हना तुमच्या पोरीले. हायेत का नाई जोडाक्षरं?

पांदणवाला
तुमच्या बाईंना नमस्कार. पण आमच्याकडं फळ्यावर कोणी काही लिहिलं नाही, गाणी झाली, खिरापत वाटली, घंटा झाली. भाद्रपद पौर्णिमा ते कोजागिरी रोजचा शेवटचा तास गेला. आणखी एक. एका घरून काजूकतली येते, दुसऱ्या घरून मुरमुरे. मुरमुऱ्याचा डबा आणणारी पोर दुसऱ्या दिवशी पोट दुखतं म्हणून घरीच राहिली. ही हजेरी कोण मोजणार?

निळी पाखरं
आमच्या गावात निम्मी पोरं बौद्ध घरांतली. भुलाबाई घराघरांत होते तशी होऊ द्या, सरकारी शाळेत हळदीकुंकू आणि आरती कशाला? १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी नागपुरात धम्मदीक्षा दिली. दसऱ्याला आमच्या गावातून गाड्या भरून माणसं दीक्षाभूमीवर जातात, पोरंही जातात. परत आल्यावर वर्गात कोणी विचारत नाही की काय पाहिलं, कोणतं पुस्तक आणलं. तिथं पुस्तकांचे स्टॉल केवढे असतात! वाचन प्रेरणा दिन करायचाच असेल तर ती पुस्तकं वर्गात येऊ द्या.

वऱ्हाडी ठेचा
आरतीचं तुमचं बरोबर हाय, आमच्या बाईनं ते ठेवलंच नोतं. गाणे अन् डब्बा, बस. पुस्तकाचं बी लय चांगलं सांगतलं.

खडू-डस्टर
मी वाशिमकडं शिक्षक आहे, तेव्हा शिव्या खायची तयारी ठेवूनच लिहितो.

पांदणवाले, तुमचा राग चुकीच्या जागी निघतोय. उपक्रम बंद केले तर तो वेळ जोडाक्षरांना मिळेल असं तुम्ही धरून चालला आहात. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीला वर्षाला २०० दिवस आणि ८०० तास, म्हणजे दिवसाला चार तास अध्यापन. त्याच कायद्यात ६० पटापर्यंत दोन शिक्षक. आता दोन शिक्षक आणि चार वर्ग असले की माझ्यापुढे एका वेळी दोन वर्ग बसतात. एकाला शिकवतो तेव्हा दुसरा पाढे गिरवतो. चार तासांतले दोनच पोराच्या वाट्याला येतात, तेही मी शाळेत असलो तर. महिन्याची शिक्षण परिषद असते, तालुक्याची बैठक असते, त्या दिवशी दुसऱ्या सरांपुढे चारही वर्ग.

फोटोंचं म्हणाल तर मलाही ते नकोत. पत्र सकाळी येतं, लिंक संध्याकाळी बंद होते. फोटो चढला नाही की केंद्रातून फोन. ओल्या हातात पुस्तकं देणाऱ्या सरांची बाजू घेत नाही, पण त्यांची घाई मला कळते.

आणि परसबागेला त्या यादीतून वगळा. प्राथमिकच्या पोराला दिवसाला १०० ग्रॅम तांदळाचा आहार, त्यातून ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळावीत असं कागदावर आहे. ऑक्टोबरात बाजारात भाजी महाग असते तेव्हा आमच्या खिचडीत हिरवं दिसतं ते शाळेमागच्या पालकाच्या वाफ्यामुळं. वाफे मापायला मी चौथीला पट्टी घेऊन बाहेर नेतो. परिमिती वहीत शिकवून थकलो होतो, पालकाभोवती दोरी फिरवल्यावर एका दुपारी झालं काम.

तारीख पे तारीख
शिक्षकांना अशैक्षणिक कामं देताच येत नाहीत, शिक्षण हक्क कायद्यात कलम २७ आहे ना? एकानं तरी तक्रार करावी.

खडू-डस्टर
कलम पूर्ण वाचा. जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका त्यातून वगळल्या आहेत. आमचा वेळ जातो त्यातला बराच इथंच. आणि उपक्रमाचा फोटो चढवणं हे "शैक्षणिक"च धरलं जातं, त्यामुळं ते कलमाच्या कचाट्यात येतच नाही.

धुऱ्यावरचा
तुम्ही सगळे दिवाळीपर्यंतच पाहून राहिले. खरा खड्डा त्यानंतर आहे. सुट्टी संपून शाळा उघडते नेमकी वेचणी भरात असताना. वेचणीच्या मुहूर्ताला सीतादहीचा दहीभात वावरात शिंपडला की गावात माणूस सापडत नाही, वेचणी किलोवर असते, जितके हात तितके पैसे. पट भरलेला, वर्ग रिकामा. मग दिवाळीची सुट्टी सणापुरती चार-पाच दिवस द्या आणि उरलेली नोव्हेंबरच्या शेवटाला, मोठ्या वेच्याला द्या. पुण्या-मुंबईच्या हिशेबानं आमची सुट्टी कशाला? पोरं तशीही जातातच, निदान अभ्यास तरी बुडणार नाही.

उपकेंद्र
याला माझा ठाम विरोध. मी आरोग्याच्या कामात आहे. सरकारनंच वेचणीची सुट्टी दिली की "पोरगं आणा" असं मालकच सांगेल. बालमजुरीच्या कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली, त्यात चौदाच्या आतल्या मुलानं शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत घरच्यांना हातभार लावायला मुभा आहे, तीही धोक्याचं काम नसेल तर. दुसऱ्याच्या वावरात किलोवर वेचणं यात बसत नाही. तुमची सुट्टी हीच फट मोठी करणार.

आणि पऱ्हाटीचं, म्हणजे कपाशीचं, वावर म्हणजे खेळायचं मैदान नाही. २०१७ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं दगावली. तेव्हा पऱ्हाटी डोक्याइतकी वाढली होती, फवारा थेट अंगावर येत होता. आठ वर्षांचं पोर तर त्या पऱ्हाटीत दिसतही नाही. वेचताना बोंडाच्या टोकांनी बोटं फाटतात, संध्याकाळी त्याच बोटांनी ते पेन्सिल धरणार? बाहेरगावी कामाला जाणाऱ्यांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहाची सोय आहे, ती गावात मागा. सुट्टी मागू नका.

धुऱ्यावरचा
वसतिगृह स्थलांतर करणाऱ्यांसाठी. आमचे मजूर गावातच राहतात, सकाळी जातात, दिवे लागताना येतात. मधल्या वेळात चार वर्षांचं पोर कोणाजवळ ठेवायचं, हे सांगा. मोठं पोर वावरात जातं ते नुसतं वेचायला नाही, लहान्याला धरायला.

वऱ्हाडी ठेचा
हेच तं म्या सांगून रायलो होतो! कडेवरच्या भावासकट शाळेत येऊ द्या.

पांदणवाला
कडेवर पोर घेऊन वर्गात बसलेली तिसरीतली मुलगी शिकते की सांभाळते, ते तुम्हीच पाहा. मी माझ्या म्हणण्यावर कायम आहे: पोळा ते दिवाळी कार्यक्रम बंद. परसबाग राहू द्या, ती फोटोत कमी आणि खिचडीत जास्त असेल तर. दिवाळीनंतर शाळा व्यवस्थापन समितीची बैठक आहे, तिथं लेखी देतो. सरांना उद्देशून नाही, रोजच्या वाचनाच्या एका तासाची मागणी म्हणून.

खडू-डस्टर
द्या, जरूर द्या. लेखी मागणी आली तर सरांनाही वर दाखवायला कागद होतो. पण एकट्याच्या सहीनं देऊ नका. समितीत तीन चतुर्थांश पालक असावे लागतात आणि निम्म्या स्त्रिया. वेचणीला जाणाऱ्या मायांच्या सह्या घ्या, पोरं घरी का राहतात ते त्याच सांगतील.

पांदणवाला
त्या येतील कशा? बैठक सकाळी अकराला असते.

खडू-डस्टर
रात्री आठला ठेवायला सांगा. आमच्याकडं समाजमंदिरात घेतो, त्यांचे स्वयंपाक झाल्यावर.