किडनीच्या पेशंटला खायला द्यायचं तरी काय?

साताऱ्याची लेक:
नमस्कार. बाबा 67 वर्षांचे, वजन 60 किलो, शुगर बरीच वर्षं आहे. आता क्रिएटिनिन (किडनी किती काम करते ते सांगणारी रक्ततपासणी) 3.1 आणि पोटॅशियम 5.7 आलंय, दोन्ही जास्त, डायलिसिस अजून नाही. मी रोज सकाळी शहाळं देत होते, रात्री पालकाचं सूप, आणि बीपी आहे म्हणून साधं मीठ बंद करून लो सोडियमवालं आणलं होतं. तिन्हींत पोटॅशियम जास्त म्हणून डॉक्टरांनी त्या त्याच दिवशी थांबवल्या, गोळ्याही बदलल्या. सगळं चांगलं म्हणून करत होते हो, रात्रभर झोप नाही लागली. हातात जो कागद दिलाय त्यात नुसतं हे बंद ते बंद, मग ताटात वाढू काय?

नाशिककर काकू:
अगं स्वतःला दोष देऊ नकोस, आमच्याकडेही असंच झालेलं. त्या मिठात सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराइड असतं, पाकीट उलटून वाच. साधंच मीठ पण मोजून, आमच्या ह्यांना दिवसभराचं सगळं मिळून जेमतेम 1 छोटा चमचा (टीस्पून), सकाळीच वाटीत काढून ठेवते आणि त्यांची भाजी त्यातूनच. लोणचं, पापड, फरसाण घरातच आणत नाही. चव लिंबू, लसूण, जिऱ्याने येते, पंधरा दिवसांत सवय होते.
भाज्यांत दुधी, दोडका, पडवळ, कोबी बिनधास्त. बटाटा द्यायचाच झाला तर साल काढून बारीक फोडी, भरपूर पाण्यात उकळायच्या आणि ते पाणी फेकून द्यायचं, म्हणजे पोटॅशियम कमी होतं, नुसतं भिजवून फारसं काही होत नाही. पहिल्यांदा ते गढूळ पाणी मोरीत ओतताना सासूबाई म्हणाल्या सगळं सत्त्व चाललं की गं, म्हटलं आई ह्यांना तेच तर नकोय.

आहारतज्ज्ञ_पुणे:
काकूंनी बरोबर सांगितलंय. ताई, बाबांची डाळ पूर्ण बंद करू नका, लोक घाबरून तेच करतात आणि पेशंट खंगतो. डायलिसिस नसताना साधारण किलोमागे 0.6 ते 0.8 ग्रॅम प्रोटीन धरतात, म्हणजे बाबांना 36 ते 48 ग्रॅम, नेमका आकडा तुमच्या डॉक्टरांकडून घ्या. फळांत सफरचंद, पेअर, अननसाची एखादी फोड चालते, केळं आणि संत्रं सध्या नको. आणि हे फार महत्त्वाचं, शुगर एकदम लो झाली तर संत्र्याचा ज्यूस देऊ नका, साखरपाणी किंवा ग्लुकोज द्या. कोला तर नकोच, त्यात फॉस्फेट असतं, ते अंगात पटकन शोषलं जातं आणि कमजोर किडनीला बाहेर टाकता येत नाही.

आईचा मुलगा:
एक अनुभव सांगतो. आईचं आठवड्याला 3 वेळा डायलिसिस चालू झालं तरी आम्ही आधीचंच कमी प्रोटीनचं पथ्य चालू ठेवलं, कुणी बदला म्हणून सांगितलंच नाही, तिचे दंड अगदी काडीसारखे झाले, जिन्याच्या चौथ्या पायरीवर बसायची. डायलिसिसमध्ये प्रोटीन निघून जातं म्हणून उलट जास्त लागतं, किलोमागे 1 ते 1.2 ग्रॅम. आता रोज अंड्याचा पांढरा भाग, थोडे मासे खाते आणि स्वतःचं स्वतः चालते. त्यामुळे शेजारच्या पेशंटचं पथ्य बघून काही करू नका. आणि स्टारफ्रूट, ते कापल्यावर चांदणीसारखं दिसणारं आंबट फळ, किडनीच्या पेशंटला एक फोडही नको, उचक्या लागतात, माणूस बरळायला लागतो, झटकेही येऊ शकतात.

साताऱ्याची लेक:
खूप आधार वाटला सगळ्यांचा. मिठाची वाटी आजच काढून ठेवली. संध्याकाळी भात, दुधीची भाजी आणि थोडं पातळ वरण केलं, बाबा म्हणाले आज बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवलो. काकू, तोंडली चालतात का ओ? त्यांना फार आवडतात.

नाशिककर काकू:
चालतात गं, आमच्याकडे आठवड्यातून दोनदा असतात. शेंगदाण्याचं कूट तेवढं घालू नकोस, आणि पोटॅशियम परत कधी तपासायचंय ते विचारून घे.