कोटीवर कोटी: राजकारणातला विनोद चावतो की नुसत्या गुदगुल्या करतो?

तिरकसराव
माझं मत आधीच टाकतो, शिव्या नंतर घाला. आपल्याकडे राजकीय विनोद म्हणजे यमक जुळवणं आणि आडनावांवर कोट्या करणं एवढंच उरलंय आणि त्याने कोणाचा केसही वाकडा होत नाही. कोटी वेगळी, उपरोध वेगळा. कोटीत दोन शब्दांची टक्कर होते, उपरोधात बोललेलं आणि घडलेलं समोरासमोर येतं. २०१९ च्या लोकसभेला राज ठाकऱ्यांच्या सभांमधलं 'लाव रे तो व्हिडिओ' आठवा. त्या क्लिपांमध्ये कोटी कुठे होती? समोरच्याचंच जुनं वाक्य, त्याच्याच आवाजात, फक्त काही वर्षं उशिरा ऐकवलेलं. वाक्य तेच, लोक मात्र खो खो हसत होते. याला म्हणतात उपरोध, बाकी सगळं गॅदरिंगमधलं फिशपाँड.

मुद्द्याचं_बोला
छान. आणि निकाल काय लागला? ४८ पैकी ४१ जागा भाजप-शिवसेना युतीला. सभा घेणाऱ्या पक्षाने तर एकही उमेदवार उभा केला नव्हता. मग तुमचा तो चावरा विनोद चावला कोणाला?

तिरकसराव
मतं मोजून विनोदाला मार्क द्यायचे असतील तर मग जिंकलेल्या प्रत्येकाला विनोदी म्हणावं लागेल. (काही आहेत, पण ते जाऊ द्या.)

जुनी_वही
तिरकसराव, तुम्ही कोटीला फारच हलक्यात घेताय. खोके घ्या ना. जून २०२२ मध्ये गुवाहाटीच्या हॉटेलातून शिंदेंसोबत फुटलेले आमदार शहाजीबापू पाटलांचा फोन गाजला, काय झाडी, काय डोंगार, काय हाटील, एकदम ओक्के. तोपर्यंत लोक त्यांच्यावर नाही, त्यांच्यासोबत हसत होते, गडी गोड बोलतो म्हणून. दोन महिन्यांत, ऑगस्टच्या अधिवेशनात, विरोधकांनी विधानभवनाच्या पायऱ्यांवर त्याच 'ओके'ला 'पन्नास खोके' जोडलं आणि गोडवा गेला. फुटायला पन्नास कोटी घेतल्याचा आरोप खरा की खोटा तो वेगळा विषय, त्यात मला पडायचं नाही, मी फक्त कारागिरी बघतेय. अर्धी घोषणा त्यांच्याच तोंडची आहे, म्हणजे नाकारायची सोय नाही. उरलेल्या अर्ध्यात 'कोटी' हा शब्दच नाही, खोका म्हणजे एक कोटी हे ऐकणाऱ्याने स्वतः मनात भरायचं, आणि ज्याला कळलं तो लगेच कटात सामील. यमक फक्त खिळा ठोकायला. आता सांगा ही कोटी की उपरोध? मला तर दोन्ही एकाच चार शब्दांत दिसतंय. आणि रक्कमही कोटीत, म्हणजे अक्षरशः कोटीवर कोटी.

मुद्द्याचं_बोला
ताई, कारागिरी कबूल. पण २०२४ च्या विधानसभेला शिंदेंची शिवसेना ४० आमदारांवरून ५७ वर गेली. घोषणा लहान पोरांना पाठ होती आणि सीट वाढल्या. उलट मला वाटतं घोषणा देऊन झाली की माणसाचा राग निवतो, हसलो म्हणजे हिशोब चुकता केला असं वाटतं आणि तो घरी जाऊन झोपतो.

जुनी_वही
स्वतः शहाजीबापू सांगोल्यातून पडले, ते नाही सांगितलंत.

मुद्द्याचं_बोला
तिरंगी लढत होती हो तिथे. पडायला घोषणाच कारण असं कशावरून?

जुनी_वही
मग ५७ येण्याचं कारणही घोषणा नाही. एक काहीतरी ठरवा.

अर्धवट_वकील
मधे घुसतो. टिळकांना विसरलात. १८९७ चा केसरी, 'सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?' रोजच्या बोलण्यातलाच वाक्प्रचार, पण ज्याला विचारलाय तो माणूस नाही, साम्राज्य आहे. म्हणजे सरकारला डोकं असतं हे आधी गृहीत धरायचं आणि मग ते शोधायला निघायचं. त्या एका मथळ्यासाठी १८ महिने तुरुंग. चावला ना?

जुनी_वही
उदाहरण उत्तम पण खटला त्या मथळ्यावर नव्हता हो, तो लेख जुलैमधला आणि राजद्रोहाचा आरोप १५ जूनच्या अंकातल्या शिवाजी महाराजांविषयीच्या मजकुरावर होता.

अर्धवट_वकील
आयडी उगाच नाही घेतला.
बरं मग हे बघा. सभागृहात 'खोटं बोलताय' म्हणता येत नाही, म्हणून चर्चिलने १९०६ मध्ये असत्याला जे काही म्हटलं त्याचं मराठी साधारण 'पारिभाषिक अचूकतेचा अभाव' असं होईल. बंदी असली की भाषा चढते. आपल्याकडे फेब्रुवारी २०२१ मध्ये पंतप्रधान राज्यसभेत 'आंदोलनजीवी' म्हणाले, श्रमजीवी-बुद्धिजीवीच्या चालीवर. विरोधकांनी तेच शेपूट उचललं आणि 'जुमला'ला, म्हणजे पोकळ आश्वासनाला, लावलं. मग जुलै २०२२ मध्ये लोकसभा सचिवालयाच्या असंसदीय शब्दांच्या संकलनात 'जुमलाजीवी' दिसला. अध्यक्षांनी खुलासा केला की कुठल्याही शब्दावर बंदी नाही, तरी त्या आठवड्यात तो शब्द जेवढा वापरला गेला तेवढा आधी कधी ऐकला नव्हता मी.

तिरकसराव
हे मात्र माझ्या बाजूचं उदाहरण आहे. 'जीवी' ही कोटी, पण खरं हसू आलं ते यादीमुळे, आणि यादी कोणी विनोद म्हणून नव्हती काढली.

नुसती_वाचक
सगळे चावण्याचंच बोलताय, विनोदाची ढाल करणारे कुठे गेले? आठवलेसाहेब घ्या. २०२० मध्ये 'गो कोरोना'वर देशभर चेष्टा झाली, ऑक्टोबरमध्ये त्यांनाच कोरोना झाला, एवढा उपरोध तर कोणी लिहूनही जमला नसता. दुसरा असता तर तोंड लपवून बसला असता. त्यांनी डिसेंबरमध्ये 'नो कोरोना' आणलं! जो स्वतःच आधी हसतो त्याला चिमटा काढणार तरी कुठे? लोकसभेत ते चारोळ्या म्हणतात तेव्हा विरोधी बाकंही बाकं वाजवतात आणि मूळ प्रश्न काय होता ते कुणालाच आठवत नाही. तिरकसराव म्हणतात ना यमकाने काही होत नाही, होतं की, प्रश्न टळतो.

मुद्द्याचं_बोला
+१. हेच मी तीन प्रतिसाद टाकून सांगायचा प्रयत्न करतोय.

जुनी_वही
तुम्ही हे नव्हतात सांगत. तुम्ही म्हणत होतात ऐकणारा झोपतो, त्या म्हणतायत बोलणारा निसटतो.

तिरकसराव
नुसती_वाचक, हे पटलं. म्हणजे माझं 'केसही वाकडा होत नाही' हे वाक्य चुकलं, यमक काम करतं पण बोलणाऱ्याच्या फायद्याचं. खोक्यांचं यमक मात्र समोरच्याने केलेलं होतं, ते यात बसत नाही, रात्री विचार करून लिहितो.

अर्धवट_वकील
पारिभाषिक अचूकतेचा अभाव. तुम्ही रात्री कधीच लिहीत नाही.